सुटीच्या दिवशीचे सूत : विश्रांती आणि कर्म यांविषयी एक विचार

विश्रांती म्हणजे कामाचा अभाव ही समजूत इतकी सर्वमान्य आहे की ती तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. तथापि गेल्या अर्धशतकात अमेरिका, ब्रिटन आणि युरोपातील अन्य काही देशांत रूढ झालेली एक प्रथा या समजुतीला अडचणीत आणते. लोकर विणणारे, सूत कातणारे, क्रोशाचे काम करणारे आणि घरगुती माग चालवणारे हौशी लोक शनिवार-रविवारच्या सुटीत गावाबाहेर एखाद्या निवांत जागी एकत्र जमतात, येताना आपापल्या सुया, टकळ्या, घडीचे चरखे आणि लोकरीच्या लडी घेऊन येतात, शुक्रवारच्या संध्याकाळपासून रविवारच्या दुपारपर्यंतचा बहुतेक वेळ हाताने काम करण्यात घालवतात, आणि मनसोक्त विसावा मिळाला अशा भावनेने घरी परततात. या प्रथेचे एक जुने आणि प्रसिद्ध उदाहरण म्हणजे एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या विणकाम-शिक्षिकेने १९७४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात सुरू केलेले विणकाम शिबिर होय. पुढे त्यांची कन्या मेग स्वान्सन यांनी ते चालवले. आठवडाभर कामाने थकलेली माणसे सुटीच्या दिवशी पुन्हा काम करून ताजीतवानी होतात, ही गोष्ट वरकरणी विसंगत वाटते, आणि या विसंगतीतूनच प्रस्तुत लेखाचा प्रश्न उभा राहतो : विश्रांतीचे स्वरूप नेमके काय, आणि हात चालू असताना ती शक्य आहे काय?

हा प्रश्न केवळ मानसशास्त्राचा असता, तर ‘आवडीच्या कामाने शीण जातो’ एवढ्या उत्तरावर भागले असते. परंतु आवड हा निकष फार पुरत नाही, कारण ज्याला आपला धंदा मनापासून आवडतो असा व्यापारी रविवारीही दुकान उघडतो, आणि तो विश्रांती घेत आहे असे कोणी म्हणत नाही. शिवाय विश्रांती हा जगातील अनेक धर्मपरंपरांमध्ये विधीचा, व्रताचा आणि आज्ञेचा विषय राहिला आहे, आणि त्यातही विशेष हे की सूत, लोकर आणि वस्त्र यांचे काम या विचारात वारंवार येते. म्हणून या प्रश्नाचा शोध त्या परंपरांतूनच घेणे इष्ट ठरते.

विश्रांतीचा सर्वांत काटेकोर विचार यहुदी धर्मशास्त्राने केला आहे. आठवड्याचा सातवा दिवस, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंतचा काळ, शब्बाथ म्हणून पाळला जातो आणि त्या काळात काम निषिद्ध असते. काम म्हणजे काय, याची व्याख्या करताना इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस किंवा तिसऱ्याच्या आरंभी संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात निषिद्ध कामांचे ३९ प्रकार मोजून दिले आहेत. या यादीत लोकर आणि वस्त्र यांच्याशी संबंधित कामांचा एक सलग गटच आढळतो : लोकर कातरणे, ती धुऊन शुभ्र करणे, पिंजणे, रंगवणे, कातणे, मागावर उभे धागे ताणणे, उभे धागे ज्यांतून ओवले जातात ते दोन फासे तयार करणे, दोन धागे विणणे, दोन धागे उसवणे, गाठ मारणे, गाठ सोडणे, दोन टाके घालणे, आणि दोन टाके घालण्यासाठी कापड फाडणे. ही तेरा कामे होतात, म्हणजे संपूर्ण यादीचा बरोबर तिसरा हिस्सा. दोन धागे, दोन टाके हे प्रमाण विशेष लक्ष देण्याजोगे आहे, कारण दुसरा टाका पहिल्याला पकडून ठेवतो आणि तेथूनच वस्तू टिकू लागते; शास्त्राचा रोख शरीराला होणाऱ्या श्रमावर नसून टिकाऊ वस्तूच्या निर्मितीवर आहे, हे त्यावरून ध्यानात येते. जड खाट घरातल्या घरात सरकवण्याने घाम येतो, पण ते या ३९ प्रकारांत बसत नाही; उलट आरामखुर्चीत बसून सुईवर चार टाके विणण्यात काहीच श्रम नसले तरी ते निषिद्ध ठरते. शनिवारी दुपारी मैत्रिणींच्या घोळक्यात मोजा विणत बसणे या शास्त्राच्या दृष्टीने विश्रांतीचा भंग आहे, मग विणणारीला त्यात कितीही आनंद मिळो.

या कठोरतेमागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. निषिद्ध कामांची ही यादी वाळवंटातील निवासमंडप, म्हणजे इस्राएली लोकांनी प्रवासात बरोबर नेलेले कापडी उपासनास्थान, उभारण्यासाठी लागलेल्या कामांवरून काढली गेली, असे परंपरा मानते. बायबलमधील ‘निर्गम’ या ग्रंथाच्या पस्तिसाव्या अध्यायात आधी शब्बाथाची आज्ञा सांगितली आहे आणि त्याच अध्यायात थोडे पुढे, कुशल स्त्रियांनी निळे, जांभळे आणि किरमिजी सूत व बकऱ्याचे केस स्वहस्ते कातून मंडपासाठी आणून दिले, असे वर्णन आहे. एकाच अध्यायात सूतकताई ही भक्तीची सर्वोच्च कृती ठरते आणि तीच आठवड्यातून एक दिवस थांबवण्याची आज्ञाही होते. म्हणजे जे काम हलके किंवा अपवित्र आहे ते थांबवायचे नसून, जे पवित्र आहे तेही थांबवायचे आहे. अब्राहम जोशुआ हेशेल या विसाव्या शतकातील यहुदी तत्त्वचिंतकाने १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द सब्बाथ’ या ग्रंथात याचे विवेचन असे केले की माणूस सहा दिवस अवकाशातील वस्तूंवर सत्ता गाजवतो, आणि सातव्या दिवशी वस्तूंवरील पकड सोडून काळाच्या पावित्र्यात प्रवेश करतो. वस्तू घडवण्यात कर्तेपणाची जी जाणीव असते, तिलाच एक दिवस विराम द्यायचा, हा या विश्रांतीचा गाभा होय.

महाराष्ट्राला ही कल्पना पूर्णतः परकी नाही. कोकण किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेला मराठी भाषक बेने इस्राएल समाज तेलाचा घाणा चालवीत असे, आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याच्या रिवाजामुळे शेजारीपाजारी त्यांना ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखत. हे लोक एक दिवस काम करीत नाहीत, एवढ्या एकाच गोष्टीवरून त्या समाजाची ओळख ठरली होती, आणि विश्रांती हीदेखील एक ठळक, इतरांना दिसणारी धार्मिक कृती असू शकते याचा हा पुरावा आहे.

ग्रीक विचाराने हाच प्रश्न वेगळ्या अंगाने हाताळला. ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात ॲरिस्टॉटल करमणूक आणि निवांतपणा यांत स्पष्ट भेद करतो. करमणूक ही कामामुळे आलेल्या शिणावरचे औषध असते, ती कामासाठीच असते, कारण तिने ताजातवाना झालेला मनुष्य पुन्हा कामालाच लागतो. निवांतपणा मात्र स्वतःच साध्य असतो आणि काम त्याच्यासाठी असते. हा भेद मान्य केला तर सुटीतील विणकामाला एक अवघड प्रश्न विचारता येतो : सोमवारी कचेरीत अधिक तरतरीत होऊन जाता यावे यासाठी जर ते असेल, तर ते औषधच ठरते, निवांतपणा ठरत नाही. ॲरिस्टॉटलच्या विचाराची मर्यादाही येथेच दिसते. हाताने काम करणाऱ्या कारागिराला निवांतपणाचा खरा अधिकारी मानायला तो तयार नव्हता, आणि त्याच ग्रंथात त्याने असेही लिहून ठेवले की धोटे आपले आपण विणू लागले असते तर धन्याला गुलामांची गरज उरली नसती. अथेन्समधील नागरिकाचे चिंतन निवांतपणे चालावे म्हणून मागावर दुसरे कोणी राबत होते, हे या विधानात उघड होते. आज यंत्राचे धोटे खरोखरच आपले आपण चालतात, आणि नेमक्या त्याच काळात सुशिक्षित माणसे हौसेने हाताने विणू लागतात, ही घटना ॲरिस्टॉटलच्या अनुमानात बसत नाही. यंत्राने माणसाची हातकामातून सुटका केली तरी माणसाला हातकामाची ओढ उरतेच, असा तिचा अर्थ होतो.

मात्र कोणाची सुटका केव्हा झाली, हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. भारतात साप्ताहिक सुटीचा हक्क मिळवण्याचा आरंभीचा मोठा लढा सूतगिरणीतच लढला गेला. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन ही गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आठवड्यातून एक दिवस सुटी मिळावी ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारच्या सुटीस मान्यता दिली. रविवार हा खंडोबाचा वार आहे, हा युक्तिवादही या मागणीच्या पाठीशी होता. म्हणजे साहेबाचा सुटीचा दिवस आणि कष्टकऱ्यांच्या कुलदैवताचा दिवस यांची सांगड त्यात घातली गेली होती. चात्यांसमोर दिवसाचे कित्येक तास उभे राहणाऱ्या त्या कामगाराला सुटीच्या दिवशी हौसेने सूत कातावे असे वाटले नसते, हे सांगायला नको. यावरून एवढे निश्चित होते की कातणे किंवा विणणे या कृतीत विसावा दडलेला नसतो. तीच कृती एका ठिकाणी पिळवणूक ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी विरंगुळा. कृतीभोवतीचे संबंध, म्हणजे ती कोणाच्या हुकमाने, कोणासाठी, कोणत्या वेगाने आणि कोणाच्या सोबतीने होते, हेच तिचे स्वरूप ठरवतात.

सूतकताईला जाणीवपूर्वक धार्मिक स्वरूप देण्याचा आधुनिक काळातील सर्वांत मोठा प्रयत्न महात्मा गांधींनी केला. १९२४ च्या डिसेंबरात बेळगाव येथे त्यांच्याच अध्यक्षतेखाली भरलेल्या अधिवेशनात काँग्रेसच्या सभासदत्वासाठी दरमहा २००० वार सूत देण्याची अट मान्य झाली, आणि १९२५ मध्ये अखिल भारत चरखा संघाची स्थापना झाली. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी यज्ञ या संकल्पनेचे विवरण केले : मोबदल्याची अपेक्षा न ठेवता परहितासाठी केलेली कृती म्हणजे यज्ञ, आणि त्या काळातील भारतात असा सर्वांना करता येण्याजोगा यज्ञ म्हणजे सूतकताई. पेटीत बंद करून बरोबर नेता येणारा चरखाही याच तुरुंगाच्या नावावरून येरवडा चरखा म्हणून ओळखला जातो. भाद्रपद वद्य द्वादशी या गांधींच्या जन्मतिथीला चरखा द्वादशी म्हणण्याची आणि त्या दिवशी एकत्र बसून सूत्रयज्ञ, म्हणजे सामूहिक सूतकताई, करण्याची चाल आश्रमांतून पडली. बाहेरून पाहणाऱ्याला हा मेळावा विस्कॉन्सिनमधील शिबिरापेक्षा फारसा निराळा दिसला नसता : अर्धवर्तुळात बसलेली माणसे, गुंतलेली बोटे आणि क्वचित होणारे संभाषण. निराळेपणा होता तो सुताच्या पुढच्या प्रवासात, कारण कातणाऱ्याच्या हातून ते सूत समाजाकडे जात असे.

या यज्ञकल्पनेला सर्वांत समर्थ आव्हान रवींद्रनाथ टागोरांनी दिले. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चरख्याच्या पंथावरील आपल्या निबंधात त्यांनी म्हटले की एकच यांत्रिक हालचाल अखंड करीत राहिल्याने मनुष्याचे मन बधिर होते, आणि चरखा फिरवण्यासाठी विचार करावा लागत नाही हाच त्याचा दोष आहे. लाखो लोकांनी एकाच वेळी तीच कृती करणे हे माणसाला मधमाशीच्या पातळीवर आणणे होय. गांधींनी त्याच वर्षी दिलेल्या उत्तरात, कोणी आपला व्यवसाय सोडून कातत बसावे असे आपले म्हणणे नसून रोजचा अर्धा तास यज्ञ म्हणून द्यावा एवढीच आपली मागणी आहे, असा खुलासा केला. या वादात दोघांचाही एक मुद्दा खरा आहे. पुनरावृत्तीने मन बधिर होऊ शकते हे गिरणीचा इतिहास सांगतो. पण पुनरावृत्तीने मन शांतही होते, हे जपमाळ ओढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

यांतील कोणता परिणाम केव्हा घडतो, हे कळण्यासाठी कृती जवळून पाहावी लागते. टकळीवर सूत कातताना एका हातात पिंजलेल्या कापसाचा पेळू, म्हणजे सैलसर वळलेली कापसाची कांडी, अलगद धरलेला असतो आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीने टकळीला गिरकी दिली जाते. टकळीचा पीळ वर चढत पेळूपर्यंत पोहोचतो आणि जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर लांबीचे तंतू केवळ परस्परांच्या घर्षणाने एकमेकांना धरून ठेवतात. हात घाईने मागे घेतला तर तार तुटते, रेंगाळला तर जाड गाठाळ सूत पडते, आणि पेळू घट्ट दाबला तर तंतू सुटतच नाहीत. लक्ष पूर्णतः उडाले तर हे काम बिघडते, पण लक्ष अट्टाहासाने ताणले तरीही बिघडते. बोटांना जाणीव असते आणि मन त्या जाणिवेच्या आधाराने मोकळे राहते. विणकामात याला विचाराचीही जोड मिळते. झिमरमन यांनी १९७१ च्या ‘निटिंग विदाउट टिअर्स’ या पुस्तकातून आणि नंतरच्या लेखनातून छापील नमुन्याची गुलामगिरी सोडण्याचा आग्रह धरला, आणि स्वेटरच्या घेराचे टाके आधारभूत मानून मनगटासाठी त्यांचा साधारण पाचवा हिस्सा, गळ्यासाठी चाळीस टक्के असे प्रमाण स्वतःच काढून घेण्याची रीत रूढ केली. अशा विणकामात डोके आणि हात दोन्ही गुंतलेले असतात, आणि टागोरांचा आक्षेप त्याला लागू होत नाही. गिरणीतील कामगाराला वेग यंत्राने दिलेला असतो; टकळीवर कातणाऱ्याचा वेग त्याच्या श्वासाशी आणि बोटांशी ठरतो. बधिरपणाचे मूळ पुनरावृत्तीत कमी आणि बाहेरून लादलेल्या वेगात अधिक आहे, असे यावरून म्हणता येते.

येथे भगवद्गीतेतील एक प्रसिद्ध आणि गूढ वाटणारा विचार साहाय्याला येतो. चौथ्या अध्यायात सांगितले आहे की जो कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म पाहतो तो बुद्धिमान होय. अकर्म म्हणजे कर्म नसणे. तेव्हा चालू असलेल्या कर्मात कर्माचा अभाव पाहायचा कसा, हा प्रश्न भाष्यकारांपुढे उभा राहिला. शंकराचार्यांनी याचा उलगडा करताना चालत्या नावेचा दृष्टान्त दिला, आणि तो ज्ञानेश्वरीतही आला आहे : नावेत बसलेल्याला काठावरची झाडे मागे पळताना दिसतात, वस्तुतः ती स्थिरच असतात, त्याप्रमाणे देहेंद्रियांची हालचाल आत्म्यावर आरोपित केली जाते, पण आत्मा अचल असतो. या अर्थाने विश्रांती ही मिळवायची वस्तू नसून ओळखायची स्थिती ठरते, आणि हात चालले काय किंवा थांबले काय, तिच्यात फरक पडत नाही. मात्र हा अर्थ ज्ञानी पुरुषाच्या अनुभवाला धरून असल्याने सामान्य माणसाच्या सुटीविषयी त्यातून थेट काही निष्पन्न होत नाही.

ही उणीव विनोबा भावे यांनी भरून काढली, आणि ते स्वतः वर्षानुवर्षे कातणारे व विणणारे असल्याने त्यांचे विवेचन येथे विशेष मोलाचे आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दिलेली आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेली ‘गीता प्रवचने’ मराठी वाचकाला सुपरिचित आहेत. त्यांत त्यांनी कर्म, विकर्म आणि अकर्म या तीन संज्ञांचा संबंध आपल्या पद्धतीने लावला. शंकराचार्यांच्या परंपरेत विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म. विनोबांनी मात्र त्याचा अर्थ विशेष कर्म, म्हणजे बाह्य कृतीला मिळालेली मनाची आंतरिक जोड, असा घेतला. बाहेरचे कर्म आणि आतले विकर्म एकरूप झाले की कर्माचा भार नाहीसा होतो आणि ते असून नसल्यासारखे, म्हणजे अकर्म, होते. हा विचार स्वीकारला तर हात चालत असतानाही विसावा का मिळतो, याचे समाधानकारक उत्तर हाती येते : शीण हालचालीने येतो त्यापेक्षा हात एकीकडे आणि मन दुसरीकडे अशा दुभंगाने अधिक येतो, आणि तो दुभंग मिटला की काम चालू असूनही ओझे उतरते.

तरीही शब्बाथाच्या शास्त्राने उभी केलेली शंका याने पूर्णतः फिटत नाही. मन हातात उतरले, भार नाहीसा झाला, पण जी वस्तू तयार होत आहे तिच्याविषयीची आसक्ती वाढत गेली तर काय? हौशी विणकरांच्या जगात ही आसक्ती सर्वांच्या परिचयाची आहे. उरलेल्या आयुष्यात विणून संपणार नाही इतकी लोकर साठवून ठेवण्याबद्दल तेथे खुलेपणाने थट्टा चालते, आणि अर्धवट राहिलेल्या विणकामांचे ढीग हाही तितकाच नेहमीचा विनोद आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील ऱ्हाइनबेक येथे दर ऑक्टोबरात भरणारा मेंढ्या आणि लोकर यांचा मोठा मेळा असो, किंवा शेटलंड बेटांवर २०१० पासून भरणारा लोकर सप्ताह असो, अशा ठिकाणी कौतुक, खरेदी आणि तुलना ही तिन्ही एकत्र नांदतात. शिबिरासाठी आधी स्वेटर पूर्ण करून तो अंगावर मिरवण्याची घाई, दुसऱ्याच्या बारीक सुताकडे पाहून वाटणारी असूया आणि नव्या लडीचा मोह यांतून बाजारच मागच्या दाराने सुटीत शिरतो. भार उतरवणारे काम अशा वेळी नवा भार चढवते.

यावर परंपरांनी जे उपाय योजले त्यांत एक समान सूत्र आढळते, आणि ते समजण्यासाठी समूहाने केलेल्या दोन धार्मिक कृत्यांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. पहिले बौद्ध संघातील कठिन चीवराचे. भिक्षूंनी पावसाळ्यात एका ठिकाणी राहून साधना करावी, याला वर्षावास म्हणतात. महाराष्ट्रातील बौद्ध समाजातही आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत तो श्रद्धेने पाळला जातो. विनयपिटकातील महावग्गात सांगितल्याप्रमाणे वर्षावास संपल्यावर संघाला मिळालेल्या कापडाचे चीवर, म्हणजे भिक्षूचे वस्त्र, सर्वांनी मिळून एकाच दिवसात कापून, शिवून आणि रंगवून पूर्ण करायचे असते. कापड ताणून शिवण्यासाठी वापरलेल्या चौकटीवरून या विधीला कठिन हे नाव मिळाले. तयार झालेले चीवर एका भिक्षूला दिले जाते आणि बाकीचे सर्वजण त्याबद्दल अनुमोदन, म्हणजे आनंदाची संमती, व्यक्त करतात. शिवणारे अनेक, घेणारा एक, आणि दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापूर्वी काम संपलेच पाहिजे असा दंडक, या तिन्ही गोष्टी मिळून ‘हे माझे’ म्हणायला जागाच ठेवत नाहीत.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील घरोघरचे आहे. चातुर्मासात दुपारची कामे आटोपल्यावर देवळाच्या सभामंडपात किंवा कोणाच्या ओसरीवर बायका कापूस घेऊन बसतात, सरकी आणि कचरा वेचून काढतात, बोटांना थोडी राख लावून वाती वळतात, फुलवातीचे टोक दुधाच्या बोटाने जुळवतात आणि देवासाठी कापसाची वस्त्रे करून त्यांना कुंकवाचे ठिपके देतात. लक्षवातीचे व्रत घेतलेली बाई लाख वातींचा हिशेब काटेकोरपणे ठेवते, म्हणजे मोजणी येथेही आहे; पण गिरणीतील मोजणी मजुरीसाठी असते आणि हौशी विणकराची मोजणी वस्तूच्या मापासाठी असते, तर व्रतातील मोजणीचा शेवट ठरलेला असतो : उद्यापनाला त्या सर्व वाती जळून जातात. महिनोन्महिने वळलेल्या कापसाचे काहीही शिल्लक राहत नाही, आणि तरी कोणालाही श्रम वाया गेले असे वाटत नाही. शिवाय या बैठकीत माहेरच्या गोष्टी निघतात, गाऱ्हाणी सांगितली जातात, ओव्या-आरत्या म्हटल्या जातात. हात गुंतलेले असल्याने समोरच्याकडे टक लावून पाहावे लागत नाही, बोलणे थांबले तरी अवघडल्यासारखे होत नाही, आणि म्हणून एरवी ओठांवर न येणारे बोलणे सहज निघते. सुया घेऊन जमलेल्या स्त्री-पुरुषांनाही नेमका हाच अनुभव येतो. एकटीने घरी विणणे शक्य असूनही माणसे एकत्र का येतात, याचे उत्तर या सोबतीत आहे.

निवासमंडपासाठी सूत आणून देणाऱ्या स्त्रिया, समाजासाठी सूत कातून देणारे आश्रमवासी, एका भिक्षूसाठी चीवर शिवणारा संघ आणि वाती जाळणाऱ्या व्रतस्थ बायका, या सर्वांत घडवलेली वस्तू घडवणाऱ्याकडे राहत नाही. शब्बाथात वस्तू घडवणेच काही काळ थांबवले जाते. म्हणजे परंपरांनी दोन प्रकारचे सोडणे सांगितले आहे : एक काळातले सोडणे, ज्यात काम अर्धवट असतानाही हातातून खाली ठेवायचे, आणि दुसरे फळाचे सोडणे, ज्यात पूर्ण झालेले काम दुसऱ्याच्या हाती द्यायचे. पहिल्याने ‘हे मीच पूर्ण केले पाहिजे’ हा कर्तेपणा सैल होतो, दुसऱ्याने ‘हे माझेच आहे’ हा भोक्तेपणा सैल होतो. विनोबांचे विकर्म हे या दोहोंच्या मधले आहे, कारण कर्तेपणा आणि भोक्तेपणा ओसरल्याशिवाय मन कृतीत पूर्णपणे उतरत नाही. यहुदी परंपरा आणि गीता येथे एकमेकींच्या विरोधात उभ्या नाहीत. एक विश्रांतीची सीमा सांगते आणि दुसरी तिचा आशय.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की दोन दिवसांच्या निरुपद्रवी मौजेवर एवढ्या गंभीर विचाराचे ओझे कशाला लादायचे. मौज ही मौज म्हणून चांगलीच आहे, आणि ॲरिस्टॉटलनेही औषधाला वाईट म्हटलेले नाही. परंतु ज्यांना सुटीतून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी पूर्वीइतकाच थकवा जाणवतो, त्यांच्यासाठी हा विचार उपयोगाचा आहे, कारण त्यांना औषध मिळालेले असते, विश्रांती मिळालेली नसते. जोसेफ पीपर या जर्मन तत्त्वज्ञाने १९४८ मध्ये निवांतपणावर लिहिलेल्या ग्रंथात हेच प्रतिपादन केले की दोन कामांच्या मधला विराम हा केवळ कामाचाच भाग असतो. खरा निवांतपणा उत्सव आणि उपासना यांतून येतो, कारण त्यांत उपयुक्ततेचा हिशेब मुळातच थांबलेला असतो.

म्हणून सूत, लोकर आणि विणकाम यांच्या हौसेने एकत्र येणाऱ्यांना सुटीत विश्रांती मिळते काय, या प्रश्नाचे उत्तर असे द्यावे लागते की मिळू शकते, पण ती कातण्या-विणण्याने आपोआप मिळत नाही. ज्याला अर्धी ओळ तशीच ठेवून सुया बाजूला करता येतात आणि पूर्ण झालेली वस्तू विनासायास दुसऱ्याच्या अंगावर घालता येते, त्याचे काम चालू असतानाही तो विसावलेला असतो. ज्याला यांपैकी एकही जमत नाही, तो डोंगरातल्या शांत घरात बसूनही गिरणीतच असतो. असे मेळावे भरवणाऱ्यांनी दोन साध्या गोष्टी कार्यक्रमात घालाव्यात : दिवसातून काही काळ सर्वांनी हातातले काम खाली ठेवावे, आणि प्रत्येकाने विणलेल्यांपैकी एक तरी वस्तू थंडीत जिला ऊब हवी आहे अशा अनोळखी व्यक्तीसाठी बाजूला काढावी. एवढे पाळले तर सुटीतले सूतही यज्ञाच्या पंक्तीला बसायला पात्र ठरेल.